कागूद जपून ठीव

धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या घरांत, माळवदाखालच्या मधल्या खोलीत, एक पत्र्याची ट्रंक असायचीच. वर ठेवणीतली लुगडी, त्यात डांबराच्या गोळ्या, त्याखाली तकावीच्या पावत्या आणि सगळ्यात तळाला, वर्तमानपत्राच्या घडीत, घरातल्या शिकलेल्या माणसांचे कागद. सातबारा तलाठ्याकडून पुन्हा काढता यायचा, रेशनकार्ड तहसीलातून पुन्हा मिळायचं. गुणपत्रिका हरवली तर मात्र औरंगाबाद गाठावं लागायचं. म्हणून कॉलेजला निघालेल्या प्रत्येक पोराला, आणि पुढं पोरीलाही, घरातल्या म्हाताऱ्या एकच सांगायच्या, “कागूद जपून ठीव रं बाबा.” त्यांच्यातल्या निम्म्या अंगठा उठवणाऱ्या होत्या, पण कोणता कागद कामाचा आणि कोणता चुलीत घालायचा, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

आमच्या घरातली ती ट्रंक उपसत गेलं की या देशाचं उच्च शिक्षण कसं बांधलं गेलं, ते थराथरानं दिसतं.

तळाचा कागद आमच्या आजोबांचा, म्हणजे आबांचा. तो उर्दूत आहे. त्या काळी आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात. घरी मराठी, बाजारात मराठी, भजनात मराठी आणि शाळेत उर्दू. शाळांची नावंही तशीच. प्राथमिक ती तहतानिया, मधली वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. आबा वस्तानियापर्यंत गेले. आमच्या लहानपणी एखादं पोरगं फार हुशारी करायला लागलं की आबा म्हणायचे, “लई शिकलास की, फौकानिया झालास जणू!” त्यापुढचं शिक्षण म्हणजे हैदराबाद. तिथं १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं होतं. पदवीपर्यंतचं सगळं शिक्षण उर्दूतून द्यायचं, त्यासाठी पुस्तकांची भाषांतरं करायला वेगळं खातं काढायचं, हे धाडस मोठंच होतं. इंग्रजी सोडून देशी भाषेत विज्ञान आणि वैद्यक शिकवता येतं, हे त्या विद्यापीठानं दाखवलं. पण ती भाषा आमच्या शेतकरी घरातली नव्हती. दोन पायऱ्या एकदम चढाव्या लागायच्या, एक भाषेची आणि एक अंतराची. सोलापूरला जायचं, वाडीला गाडी बदलायची आणि मग हैदराबाद. आमच्या अख्ख्या गल्लीतून तिथवर एकच माणूस पोचला आणि तो परत आला तेव्हा लोक त्याला बघायला आले होते, असं आजी सांगायची.

आपल्या भाषेत शिकवणारी शाळा हवी म्हणून धडपडणारी माणसंही याच मातीत होती. आता लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्याआधीपासून तिथं शिकवत होते, पुढं ते अंबाजोगाईला गेले. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारा माणूस आधी आपल्या जिल्ह्यात मास्तर होता, ही गोष्ट आमच्या घरात दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदनाहून आल्यावर सांगितली जायची. सांगणारे आबाच असायचे.

त्यावरचा थर आमच्या थोरल्या काकांचा, म्हणजे अप्पांचा. १९४८ ला निजामी गेली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते, पहिले कुलगुरू डोंगरकेरी. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, अशा पाच जिल्ह्यांना मिळून ते एक विद्यापीठ. अप्पा मॅट्रिक झाले, मग पीयूसीचं, म्हणजे पदवीपूर्व, एक वर्ष आणि पुढं पदवीची तीन वर्षं. “मी पीयूसीला होतो तवा” अशी सुरुवात झाली की आम्ही सगळे सरसावून बसायचो, कारण पुढची गोष्ट तासभर चालायची.

विद्यापीठ अडीचशे किलोमीटरवर आणि कॉलेज मात्र आपल्या गावात, हे गणित आमच्या बायाबापड्यांना कुणी समजावून द्यावं लागलं नाही. शिकवणार इथले सर, पेपर येणार औरंगाबादहून, तपासले जाणार दुसरीकडं आणि शिक्काही तिकडचाच. यालाच संलग्न महाविद्यालय म्हणायचं. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला विद्यापीठं निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. ती स्वतः शिकवायची नाहीत, लांबलांबच्या कॉलेजांतल्या मुलांची परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. शंभर वर्षांनी तीच पद्धत आमच्याकडं आली. जागा संस्थेची, पगार सरकारचा, परीक्षा विद्यापीठाची, कुलपती म्हणून राज्यपाल, आणि इमारतीला, ग्रंथालयाला पैसा दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाचा. हा आयोग १९५३ चा, त्याचा कायदा १९५६ चा. कॉलेजच्या फाटकावर “२ फ आणि १२ ब” असं रंगवलेलं असायचं. ते आयोगाच्या यादीत असल्याचं आणि अनुदानाला पात्र असल्याचं चिन्ह. आम्हाला वाटायचं, ती कॉलेजची तुकडी आहे.

सोलापूर तर औरंगाबादच्या पावपट अंतरावर. तिथं १९४० पासून दयानंद कॉलेज होतं. बार्शीला कर्मवीर मामासाहेब जगदाळ्यांनी कॉलेज काढलं होतं. आमच्या पश्चिमेकडच्या गावांतली कितीतरी पोरं येडशीला जाऊन बार्शी लाईट धरायची. ती अरुंद रुळाची गाडी इतकी सावकाश जायची की पोरं उतरून हरभऱ्याचे डहाळे उपटून पुन्हा चढायची, असं अप्पा शपथेवर सांगायचे. सोलापूर-बार्शी मराठवाड्याच्या हद्दीबाहेर, म्हणून तिथं शिकलेल्यांच्या पदवीवर आधी पुण्याचा आणि १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का. आमच्या ट्रंकेत असा एक कोल्हापूरचा कागद आहे, धाकट्या काकांचा. त्या काकांनी कोल्हापूर उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत ते अंबाबाईच्या दर्शनाला गेले आणि येताना विद्यापीठाची इमारत बाहेरून बघून आले. “आपलं इद्यापीठ बघून आलो,” म्हणाले.

घर सोडून शिकणाऱ्यांचा जीव एसटीच्या डब्यावर असायचा. ॲल्युमिनियमचा डबा, झाकणाला तार गुंडाळलेली, वरून जुन्या धोतराचं फडकं आणि डब्यावर तेलरंगानं घातलेलं नाव. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायचा आणि संध्याकाळी रिकामा डबा परत. आत ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, येसराची पुडी, लोणच्याची फोड आणि सणावाराला धपाटे. डब्याच्या तळाशी आजी कधी पाच रुपयांची नोट ठेवायची, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून, तिला तेल लागू नये म्हणून. आमच्या जिल्ह्यातले डॉक्टर, वकील, मामलेदार आणि मास्तर या डब्यांवर घडले. त्या कंडक्टरांची नावं कुठल्याच पदवीवर नाहीत, पण त्यांनी एक डबा हरवू दिला नाही.

आणि पुस्तकं! नवं पुस्तक घ्यायची चैन थोरल्याला मिळायची. पुढची सगळी त्याच पुस्तकावर. पहिल्या पानावर नाव, ते खोडून दुसरं, ते खोडून तिसरं. सिमेंटच्या पोत्याच्या कागदाचं कव्हर, गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवलेलं. कणा सुटला की सुतळीच्या दाभणानं शिवलेला. सरांच्या नोटा कार्बन घालून उतरवलेल्या, तिसरी प्रत इतकी फिकट की कंदिलाजवळ धरून वाचायची. गल्लीतला एकजण बी.ए. झाला की त्याच्या नोटा पुढची चार वर्षं घरोघर फिरायच्या आणि परत येताना त्यात एखाद्या पानावर वरणाचा डाग असायचाच.

ट्रू कॉपीचं तर वेगळंच प्रकरण. झेरॉक्स नव्हती तेव्हा गुणपत्रिका टाईप करून घ्यायची आणि राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणायची. असा अधिकारी आमच्या भागात एकच सहज सापडायचा, तो म्हणजे गुरांचा डॉक्टर. दवाखान्यापुढं एका बाजूला म्हशी, दुसऱ्या बाजूला ग्रॅज्युएट. साहेब आधी म्हैस बघायचे, हात धुवायचे आणि मग हिरव्या शाईनं सही करायचे. एकदाही त्यांनी कुणाला परत पाठवलं नाही, एकदाही चहा घेतला नाही. आमच्या पिढीच्या नोकरीच्या प्रत्येक अर्जावर त्यांची सही आहे.

आता जे सांगायचं आहे ते बायकांचं. आमच्या थोरल्या आत्याचा कागद ट्रंकेत नाही. ती सातवी झाली, पहिल्या नंबरानं, आणि थांबली. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती, एवढंच कारण. तिच्या पाठच्या पिढीत कॉलेज तालुक्याला आलं. उस्मानाबाद शहरात बापूजी साळुंखे यांच्या संस्थेचं रामकृष्ण परमहंस महाविद्यालय झालं. उमरगा, तुळजापूर, नळदुर्ग, कळंब, भूम, परंडा अशी एकेका गावी कॉलेजं उभी राहिली. सकाळच्या पहिल्या एसटीत पुढच्या बाकांवर दोन वेण्यांच्या पोरी दिसायला लागल्या. महिन्याचा पास, दुपारच्या गाडीनं परत, संध्याकाळी शेळ्यांना चारा आणि रात्री अभ्यास. कॉलेजला पाठवायचं का, असा सवाल घरात निघाला की आबा एवढंच विचारायचे, “सांजच्याला घरी येती का?” येती, म्हटलं की वाद मिटायचा. आमच्या तिन्ही बहिणी या एका वाक्यावर पदवीधर झाल्या. विद्यापीठाची उंच इमारत त्यांनी पाहिली नाही. त्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे वीस किलोमीटरवरच्या कॉलेजच्या दहा-बारा खोल्या आणि दारातून सुटणारी एसटी. दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा फी माफ व्हायची, आर्थिकदृष्ट्या मागास घरांना ईबीसीची सवलत असायची आणि दलित वस्तीतल्या मुलांना भारत सरकारची शिष्यवृत्ती. उशिरा यायची, पण यायची. मोठ्या शहरातली माणसं या लहान कॉलेजांना नावं ठेवतात. त्यांनी एकदा आमच्या आत्याला भेटून यावं.

ट्रंकेत मध्यावर एक रेघ आहे. खालच्या कागदांवर मराठवाडा विद्यापीठ आणि वरच्या कागदांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, लोक तुरुंगात गेले. ज्या माणसानं १९५० साली, विद्यापीठ निघायच्या आठ वर्षं आधी, औरंगाबादला कॉलेज काढून मराठवाड्याच्या पोरांना दार उघडलं, त्याचं नाव विद्यापीठाला द्यायला एवढी किंमत पडायला नको होती. आमच्या शेजारच्या वस्तीतल्या एका काकांनी आपल्या मुलाची १९९४ नंतरची पदवी काचेत मढवून दारासमोरच्या भिंतीवर लावली होती. ट्रंकेत नाही, भिंतीवर. येणाऱ्या प्रत्येकाला ते ती वाचून दाखवायचे, सावकाश, नावाशी थांबून.

त्याच्या आदल्या वर्षीचं दुःख वेगळं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लोहारा-उमरगा भागातली माळवदाची घरं बसली. माणसं गेली. मागं उरलेल्यांच्या ट्रंका ढिगाऱ्याखाली चेपून गेल्या. पण कोण कोणत्या साली किती गुणांनी पास झालं, याची नोंद विद्यापीठाच्या रजिस्टरात होती, तिथून दुय्यम प्रत काढता येत होती. घर गेलं तरी आपलं शिक्षण कुठंतरी लिहून ठेवलेलं आहे, हा केवढा आधार! तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची माणसं आधीपासून होती, तीही त्या दिवसांत या गावांमधून फिरत होती. ही संस्था अभिमत विद्यापीठ आहे, म्हणजे स्वतः शिकवते आणि स्वतःची पदवी देते. आज तिच्या तुळजापूरच्या आवारात देशभरातून पोरं येतात आणि आमच्या गावांत सर्व्हे करत हिंडतात. भवानीच्या गावात आसाम-केरळची पोरं मराठी शिकतात, याचं आम्हाला कौतुक आहे.

पुढं विद्यापीठं वाढत गेली. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ झालं. १९८२ ला आमच्यातून वेगळा झालेला लातूर जिल्हा नांदेडला जोडला गेला, आम्ही औरंगाबादकडंच राहिलो. २००४ साली सोलापूरला एका जिल्ह्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि त्याच वर्षी आमच्या शहरात औरंगाबादच्या विद्यापीठाचं उपकेंद्र. त्याआधी १९८३ ला वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट करून दिली आणि तेरणेच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आमच्या गावात उभं राहिलं. शिक्षण घराजवळ आलं, पण फीचा आकडा ऐकून पहिल्यांदा शेताचा तुकडा विकायची भाषा घरात निघाली. मेडिकलसाठी तर कालपरवापर्यंत अंबाजोगाई, सोलापूर. २०२२ ला धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

आज आमच्या एका घरात चार विद्यापीठं नांदतात. पुतण्याची इंजिनिअरिंगची गुणपत्रिका लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची, पुतणीची नर्सिंगची नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, भाच्याची शेतकीची परभणीची आणि धाकटीची बी.ए.ची औरंगाबादची, म्हणजे आताच्या संभाजीनगरची. आणि पाचवं विद्यापीठ वहिनीचं. दहावीत लग्न झालेल्या आमच्या वहिनीनं पोरं मोठी झाल्यावर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दिली आणि मग बी.ए. केलं. हे विद्यापीठ १९८९ चं. रविवारी अभ्यासकेंद्रावर वर्ग, बाकी दिवस शेत आणि स्वयंपाक. तिची पुस्तकं कणगीवर ठेवलेली असायची. निकाल लागला त्या दिवशी तिच्या सासूनं, म्हणजे आमच्या आईनं, स्वतः उठून ट्रंक उघडली आणि म्हणाली, “आण, मी ठिवते.”

आता ट्रंकेची गरज उरली नाही म्हणतात. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये, क्रेडिट बँकेत, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, सही स्वतःचीच चालते. चार वर्षांची पदवीही आता आली आहे. एक वर्ष केलं तरी प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका. यात सोय आहे. लग्नासाठी किंवा ऊसतोडीसाठी मध्येच थांबलेल्या पोरीला केलेलं वर्ष वाया जाणार नाही. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली, हेही फार चांगलं झालं. पण आमच्या ओळखीतली नेट झालेली, पीएचडी झालेली पोरं तासिका तत्त्वावर शिकवतात आणि उरलेल्या वेळात शेतात राबतात. ज्या कॉलेजात कायमचे सर नाहीत, तिथल्या पोरांना नोटा कोण देणार?

आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणात आणखी एक गोष्ट लिहिली आहे. पंधरा वर्षांत संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्यानं संपवायची, कॉलेजांनी स्वायत्त व्हायचं किंवा विद्यापीठात मिसळून जायचं, आणि संस्था मोठ्या करायच्या, तीन हजारांच्या वर विद्यार्थी असलेल्या. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांना हे पेलेल. परंड्याच्या आणि भूमच्या कॉलेजचं काय होईल, हे आपणच विचारायला हवं. लहान कॉलेज बंद करण्याआधी सकाळच्या एसटीत पुढच्या बाकांवर कोण बसतं, ते मोजा. सांजच्याला घरी येती का, हा सवाल आमच्या गावांत अजून विचारला जातो.

हे विचारायची जागाही आपल्याच ट्रंकेत आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेवर दहा प्रतिनिधी नोंदणीकृत पदवीधर निवडून देतात. पदवी असणं पुरेसं नाही, मतदार म्हणून नाव नोंदवावं लागतं आणि आपल्या गल्लीतले निम्मे पदवीधर कधीच नोंदवत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी नोंदणी निघाली की ट्रंक उघडा, आपली पदवी काढा, घरातल्या बहिणींची आणि वहिनींचीही काढा आणि सगळ्यांची नावं नोंदवून टाका. मत मागायला येईल त्याला तालुक्याच्या कॉलेजबद्दल विचारा. अर्जाची पोचपावती मिळेल, तीही जपून ठेवा.